घरच्या समारंभात पोर्ट्रेटसाठी साधी पार्श्वभूमी कशी शोधावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी वाढदिवसाचा लहानसा समारंभ आहे, पंचवीस-तीस माणसे येणार आहेत आणि आलेल्या प्रत्येकाचे एक तरी नीटस पोर्ट्रेट काढून ठेवावे, अशी प्रश्नकर्त्यांची इच्छा आहे. बैठकीच्या खोलीच्या भिंती कपाटे, घड्याळ आणि तसबिरींनी भरलेल्या आहेत. जी एक भिंत रिकामी आहे, तिच्या नेमक्या मध्यावर स्विचबोर्ड आहे. खास बॅकड्रॉप विकत घ्यायचा नाही. म्हणून त्यांनी विचारले आहे की घरातली चादर टांगली तर चालेल का, आणि चालत असेल तर ती कोणत्या रंगाची असावी.

चादर चालते. परंतु घरगुती समारंभांची छायाचित्रे बरीच वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की अडचण बहुतेक वेळा मागे कोणती वस्तू आहे ही नसते. माणूस आणि ती वस्तू यांच्यामध्ये अंतर नसते आणि त्या वस्तूवर पडणारा प्रकाश आपल्या ताब्यात नसतो, ही खरी अडचण असते. उत्तम कापड पाठीला चिकटून टांगले तर त्यावर सावली पडते आणि सुरकुत्या दिसतात. उलट, अगदी सामान्य भिंत दोन मीटर मागे असली तर ती शांत दिसते. म्हणून घरात पार्श्वभूमी शोधायला निघताना ‘मागे काय लावू’ असे विचारण्याऐवजी ‘माणसाच्या मागे दीड-दोन मीटर मोकळे कुठे मिळते’ असे विचारावे. हा प्रश्न घेऊन घरातून एक फेरी मारली की सहसा दोन-तीन जागा आपोआप सापडतात.

अर्थात पुढचे पुष्कळसे परिस्थितीवर अवलंबून आहे. समारंभ दुपारी आहे की रात्री, खोली केवढी आहे, छायाचित्रे फोनने काढायची आहेत की कॅमेऱ्याने, आणि एकेकट्याची काढायची की जोड्यांची व कुटुंबांची, यावर निवड बदलते. हे तपशील प्रश्नात नसल्यामुळे मी कारणांसह लिहीत आहे, म्हणजे आपल्या घराला काय लागू पडते ते आपल्यालाच ठरवता येईल.

आधी प्रकाशाविषयी लिहितो, कारण पार्श्वभूमीचा रंग भिंतीवरच्या रंगाइतकाच प्रकाशावर ठरतो. फ्लॅशसारख्या लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दिवा माणसापासून १ मीटरवर आणि भिंत दिव्यापासून २ मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या एक चतुर्थांश प्रकाश मिळतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (प्रकाश निम्मा होणे म्हणजे एक स्टॉप कमी, दुप्पट होणे म्हणजे एक स्टॉप जास्त). भिंत ३ मीटरवर गेली तर तिला एक नवमांश मिळतो, म्हणजे तीन स्टॉपहून थोडा अधिक फरक. त्यामुळे चेहऱ्याचे एक्स्पोजर (छायाचित्रात येणारा उजळपणा) बरोबर ठेवल्यास तीच पांढरी भिंत पहिल्या वेळी मध्यम राखाडी दिसते आणि दुसऱ्या वेळी त्याहून गडद. लहान, पांढऱ्या रंगाच्या खोलीत प्रकाश भिंतींवरून आणि छतावरून उसळून परत येतो, म्हणून प्रत्यक्षात फरक या हिशेबापेक्षा कमी पडतो. खिडकी हा मोठा स्रोत असल्याने तिच्या अगदी जवळ हा नियम तंतोतंत लागू होत नाही. तरीही कल तोच राहतो: माणूस प्रकाशाजवळ आणि भिंत प्रकाशापासून दूर असली की भिंत गडद होते आणि तिच्यावरचे डाग, खिळे व सांधे त्या गडदपणात विरून जातात.

याच कारणामुळे मी कोणत्याही घरात गेलो की पहिल्यांदा अंधाऱ्या खोलीचे उघडे दार शोधतो. मागच्या खोलीतले दिवे बंद करावेत, तिचे पडदे ओढून घ्यावेत आणि माणसाला दाराच्या चौकटीपुढे साधारण एक मीटरवर उभे करावे. समोरून किंवा बाजूने खिडकीचा प्रकाश चेहऱ्यावर यावा. आतल्या खोलीत प्रकाश पोहोचत नसल्यामुळे दाराचा आयत जवळजवळ काळा दिसतो. कापड नाही, क्लिपा नाहीत आणि सुरकुत्याही नाहीत. दाराची रुंदी साधारण ८० ते ९० सेंटिमीटर असते, म्हणून छातीपर्यंतच्या एका माणसाच्या छायाचित्राला ती पुरते. दोघांना पुरत नाही. काळ्या केसांच्या कडा काळ्या पार्श्वभूमीत बुडू नयेत, यासाठी बाजूला दुसरी खिडकी किंवा मागून तिरका येणारा एखादा मंद दिवा असला तर केसांवर बारीक उजळ रेघ येते आणि डोक्याचा आकार सुटा दिसतो. तसा प्रकाश नसेल आणि बहुतेक पाहुणे काळ्या केसांचे व गडद कपड्यांचे असतील, तर ही जागा सोडून उजळ पार्श्वभूमीकडे वळावे.

दुसरी जागा म्हणजे लांबट मार्गिकेचे टोक. मार्गिका अरुंद असते म्हणून लोक ती विचारात घेत नाहीत, पण पोर्ट्रेटला रुंदीपेक्षा खोली हवी असते आणि ती मार्गिकेत भरपूर मिळते. माणूस मार्गिकेच्या तोंडाशी, बैठकीच्या खोलीतल्या उजेडात उभा राहतो आणि टोकाची भिंत किंवा बंद दार तीन-चार मीटर मागे राहते. तिथे काही टांगलेले असेल तर तेवढेच उतरवावे लागते. मात्र ते बंद दार स्वच्छतागृहाचे असेल तर ही जागा घेऊ नये. एका समारंभात मी तशी घेतली होती. दर दोन-तीन मिनिटांनी ते दार उघडत होते, आतला दिवा चौकटीत येत होता आणि ज्येष्ठ पाहुण्यांना माझ्यामुळे ताटकळावे लागत होते. तासाभराने मला सगळे हलवावे लागले. जागा निवडताना समारंभातली माणसे कुठून कुठे जातील हे आधी पाहावे, हा धडा मला तेव्हा मिळाला.

आता आपल्या स्विचबोर्डच्या भिंतीकडे येतो. ती बाद करू नका. माणसाचे डोके स्विचबोर्डच्या नेमके पुढे आले की तो दिसत नाही. फक्त उंचीनुसार कॅमेरा थोडा वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे न्यावा लागतो. बोर्ड खांद्याच्या उंचीला असेल तर काम आणखी सोपे, कारण धड त्याला झाकते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे किती भिंत लागते हे लेन्सवर ठरते, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. उदाहरण म्हणून कमरेपर्यंतचे उभे छायाचित्र घेऊ, ज्यात माणसाच्या जागी चौकटीची रुंदी सुमारे ७० सेंटिमीटर आहे आणि भिंत माणसाच्या मागे दीड मीटर आहे. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो) ८५ मिलिमीटरची लेन्स असेल तर आपण माणसापासून अडीच मीटरवर उभे राहतो आणि मागच्या भिंतीचा साधारण १.१ मीटर रुंदीचा पट्टा चौकटीत येतो. हीच चौकट २८ मिलिमीटरच्या लेन्सने घेतली तर आपल्याला सुमारे ८० सेंटिमीटरपर्यंत जवळ जावे लागते आणि भिंतीचा जवळजवळ २ मीटर रुंदीचा भाग आत येतो. म्हणजे माणूस तेवढाच दिसत असताना पसारा मात्र जवळपास दुप्पट येतो, शिवाय इतक्या जवळून नाक मोठे आणि कान लहान दिसतात.

फोनची मुख्य लेन्स पूर्ण फ्रेमच्या हिशेबाने साधारण याच, २४ ते २८ मिलिमीटरच्या टप्प्यातली असते. म्हणून फोनने काढत असाल तर दोन किंवा तीन पट भिंगाची निवड करून दोन पावले मागे जावे. घरातली ‘रिकामी भिंत नाही’ ही तक्रार एवढ्या एका बदलाने निम्मी मिटते, कारण आता एका साध्या दाराच्या पाकळीएवढी किंवा पडद्याच्या एका पाखाएवढी मोकळी जागाही पुरते. फोनमधली मागचे धूसर करणारी सोय वापरायची असेल तरीही साधी पार्श्वभूमी निवडावी. ती सोय सुटे केस, चष्म्याच्या काड्या आणि हातातला पेला यांच्या कडा अनेकदा चुकीच्या कापते. मागे सपाट रंग असला तर ती चूक डोळ्यांना जाणवत नाही; मागे पुस्तकांची रांग असली तर लगेच जाणवते.

कॅमेऱ्याने खरी धूसरता मिळवताना मात्र हात थोडा राखून ठेवावा. ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर अडीच मीटर अंतराला एफ/२.८ (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा लहान तितके छिद्र मोठे) ठेवले तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १५ सेंटिमीटरचा असतो. एका माणसाला तो पुरतो, पण दोघांपैकी एक अर्धे पाऊल मागे असेल तर त्याचा चेहरा मऊ पडतो. एफ/४ वर हा पट्टा सुमारे २० आणि एफ/५.६ वर सुमारे ३० सेंटिमीटर होतो. जोडीसाठी मी एफ/४ च्या खाली जात नाही. मागची भिंत दोन-तीन मीटर दूर असेल तर एफ/४ वरही तिचा पोत पुरेसा विरतो.

बंद दार आणि पडदा यांचा उल्लेख वर आला, पण त्यांच्या खोडी वेगळ्या आहेत. लाकडी किंवा रंगवलेले दार चांगले, कारण त्याचा रंग एकसारखा असतो आणि त्याच्या उभ्या रेषा माणसाच्या उभेपणाला साथ देतात. मात्र चौकटीची कड डोक्यातून निघाल्यासारखी किंवा आडवी पट्टी मानेतून गेल्यासारखी दिसता कामा नये. शटर दाबण्यापूर्वी डोक्याभोवतीचा एक वीतभर भाग नुसता पाहण्याची सवय लावून घ्यावी. चकचकीत लॅमिनेटची कपाटे, काच, आरसा आणि टीव्हीचा पडदा हे सगळे फ्लॅश परत फेकतात आणि छायाचित्र काढणाऱ्यालाही चौकटीत आणतात. त्यांच्या थेट पुढे उभे न राहता तिरके उभे राहिले तर निभते, पण दुसरी जागा असेल तर ती घ्यावी. जाड, एकरंगी पडद्याच्या उभ्या चुण्या मात्र मला मनापासून आवडतात. चादरीच्या सुरकुत्या निष्काळजीपणाच्या दिसतात आणि पडद्याच्या चुण्या मुद्दाम ठेवल्यासारख्या दिसतात, कारण त्या एका दिशेच्या आणि ठरावीक अंतराच्या असतात. दिवसा खिडकीवरचा झिरझिरीत पांढरा पडदा पार्श्वभूमी म्हणून घेतला तर तो उजळ पांढरा होतो, पण तेव्हा चेहरा काळवंडतो. अशा वेळी एक्स्पोजर एक ते दीड स्टॉपने वाढवावे, किंवा समोरून पांढऱ्या पुठ्ठ्याने प्रकाश परतवावा.

साध्या पार्श्वभूमीने छायाचित्र फिके पडेल, अशी शंका अनेकांना असते. पोर्ट्रेटच्या इतिहासात याचे उत्तर आहे. अमेरिकन छायाचित्रकार अर्विंग पेन यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत दोन उभे फलक अरुंद कोनात जोडून एक कोपरा केला आणि नामवंत माणसांना त्यात उभे केले. १९५० मध्ये पॅरिसला त्यांना नाट्यगृहाचा एक जुना पडदा मिळाला आणि तोच राखाडी, डागाळलेला पडदा त्यांनी पुढे अनेक दशके वापरला. दुसरे अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या सामान्य माणसांची पोर्ट्रेट काढली, ती उघड्यावर, सावलीत लावलेल्या पांढऱ्या कागदापुढे. या कामांत पार्श्वभूमीवर पाहण्यासारखे जवळजवळ काहीच नाही आणि म्हणूनच नजर चेहऱ्यावर, हातांवर व उभे राहण्याच्या ढबीवर थांबते. पेन यांच्या कोपऱ्याचे अनुकरण घरीही करता येते. खोलीचा रिकामा कोपरा मिळाला तर त्यात खुर्ची ठेवून पाहा. लाजऱ्या माणसाला दोन भिंतींचा आधार मिळतो आणि हातांचे काय करावे हा त्याचा प्रश्न सुटतो.

आता चादर. वरच्यापैकी एकही जागा जमली नाही, किंवा तिघा-चौघांचे एकत्र छायाचित्र हवे असेल, तर चादर टांगावी. दुहेरी पलंगाची चादर घ्यावी, कारण एकेरी चादर दोघांनाही अपुरी पडते. कापड जाड, सुती आणि बिनचमकीचे असावे. सॅटिनसारखे कापड प्रत्येक वळणावर चमकते आणि पातळ कापडातून मागचा स्विचबोर्ड दिसतो. मखमल प्रकाश शोषून घेते, म्हणून घरात एखादा गडद मखमली पडदा असेल तर तो चादरीपेक्षा सरस ठरतो. टांगताना दोन वरच्या कोपऱ्यांना बांधून सोडून देऊ नये, कारण मध्ये झोळ येतो. वरच्या कडेला हातभर अंतराने चिमटे लावावेत, दोन्ही बाजू हलक्या ताणून खाली वजन द्यावे आणि माणसाला चादरीपुढे किमान एक ते दीड मीटर उभे करावे. पडद्याच्या दांडीवर चादर बांधणार असाल तर दांडी हलवून तिची पकड आधी तपासावी. लहान मुले चादरीमागे लपायला जातातच. एकदा एका मुलाने ओढल्यावर दांडीसकट सगळे खाली आले होते. कोणाला लागले नाही, पण तेव्हापासून मी मुलांच्या हाताला येईल अशी कोणतीही गोष्ट दांडीवर बांधत नाही.

रंगाबाबत माझे स्पष्ट मत राखाडी, राखाडीकडे झुकणारा निळा किंवा मातकट हिरवा या बाजूने आहे. समारंभाला लोक भडक आणि परस्परांशी न जुळणारे रंग घालून येतात. मागचा रंग भडक नसलेला आणि मध्यम गडद असला तर त्यांतल्या कोणाशीच त्याचे भांडण होत नाही, आणि निरनिराळ्या वर्णांच्या चेहऱ्यांना तो सारखाच मानवतो. पांढरी चादर वाईट नाही, परंतु कॅमेरा तिला पाहून एकूण प्रकाश कमी करतो आणि चेहरे काळपट येतात. तिथे साधारण दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावा लागतो. लाल, पिवळी किंवा गडद हिरवी चादर अथवा भिंत टाळावी. अशा पृष्ठभागावरून उसळलेला प्रकाश आपला रंग गालावर आणि हनुवटीखाली आणतो, आणि नंतर संगणकावर तो निस्तरणे फार किचकट असते. फुलाफुलांची चादर उलटी करून पाहावी. अनेकदा तिची मागची बाजू पुरेशी फिकट निघते.

इथपर्यंतचा क्रम असा आहे की आधी मोकळे अंतर, मग प्रकाश, मग लेन्स, आणि या तिन्हींनी काम झाले नाही तरच कापड. आता प्रत्यक्ष समारंभाच्या दिवसाविषयी.

खिडकीजवळची जागा दुपारी चारला सुंदर दिसते आणि सातला तिथे काही उरत नाही. म्हणून जागेची चाचणी आदल्या दिवशी, समारंभ ज्या वेळी असेल त्याच वेळी, घरातल्या एखाद्या माणसाला उभे करून घ्यावी. संध्याकाळ असेल तर एकाच प्रकारचे दिवे ठेवावेत. दिवसाचा प्रकाश साधारण ५५०० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आणि पिवळसर घरगुती दिवा २७०० ते ३००० केल्व्हिनचा असतो. दोन्ही एकत्र आले तर चेहऱ्याची एक बाजू निळी आणि दुसरी नारिंगी दिसते, आणि एकच व्हाइट बॅलन्स (प्रकाशाची छटा दुरुस्त करणारी कॅमेऱ्याची सोय) दोन्हींना बरोबर करू शकत नाही. काही एलईडी दिव्यांखाली छायाचित्रात आडवे पट्टे येतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावे, ६० हर्ट्झचा असेल तर १/६० किंवा १/१२०. बहुतेक वेळा पट्टे जातात.

कॅमेऱ्यावर फिरत्या डोक्याचा फ्लॅश असेल तर तो थेट चेहऱ्यावर मारू नये, कारण मागच्या साध्या भिंतीवर माणसाची काळी, धारदार सावली पडते आणि पार्श्वभूमीवर घेतलेली सारी मेहनत वाया जाते. तो पांढऱ्या छताकडे किंवा बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवावा. छत रंगीत असेल तर त्याचा रंग चेहऱ्यावर येतो, तेव्हा पांढरी भिंतच निवडावी. फ्लॅश नसेल तर शेड घातलेला एक उभा दिवा माणसाच्या जवळ, डोळ्यांच्या उंचीपेक्षा थोडा वर आणि एका बाजूला ठेवला तरी पुष्कळ काम होते.

जागा ठरली की माणसाने उभे राहायच्या ठिकाणी जमिनीवर चिकटपट्टीची एक खूण करावी. ती नसली तर प्रत्येक पाहुणा नकळत मागे सरकत जाऊन भिंतीला टेकतो आणि आपण राखलेले अंतर संपते. ही सवय इतकी सार्वत्रिक आहे की मी खुणेशिवाय कामच सुरू करत नाही. लहान मुलांसाठी कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आणावा. त्यामुळे भिंतीचा खालचा भाग आणि फरशीची पट्टी चौकटीत येते, म्हणून तेवढा भागही आधी मोकळा करून ठेवावा. ज्येष्ठांसाठी बिनहातांची एक खुर्ची जवळ असावी आणि ती खुणेवरच ठेवावी. जागा मुख्य खोलीला लागून असावी. दुसऱ्या टोकाच्या खोलीत कितीही चांगली भिंत असली तरी पाहुणे गप्पा सोडून तिकडे येत नाहीत, आणि ज्यांना आणावे लागते त्यांच्या चेहऱ्यावर ते आणलेपण दिसते.

आपल्या वर्णनावरून मला वाटते की बैठकीच्या खोलीला लागून असलेले एखादे दार ही पहिली चाचणी असावी: मागे अंधार, पुढे एक मीटरवर खूण, बाजूने प्रकाश, फोन असेल तर दोन पट भिंग. स्विचबोर्डची भिंत दुसरी, बोर्ड पाठीआड लपवून. ही दोन्ही जमली नाहीत तर राखाडी चादर आदल्या रात्री किंचित ओलसर असताना इस्त्री करावी आणि तिची घडी न घालता एखाद्या लांब नळीवर गुंडाळून ठेवावी, कारण घडीच्या रेघा टांगल्यावरही जात नाहीत आणि मग त्या प्रत्येक पाहुण्याच्या मागे उमटतात.